पावसाळ्यात दगड झालेली कॉफी

शहादा हे चहाचं गाव आहे. बसस्थानकापासून बाजार समितीपर्यंत कुठेही टेका, समोर येतो तो चहाच. कॉफी घरात असते ती वेगळ्या निमित्तांसाठी: दहावी-बारावीच्या अभ्यासाच्या रात्री, पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे, एकादशी, मे महिन्यातली थंड कॉफी. एका कपाला साधारण दोन ग्रॅम धरले तर ५० ग्रॅमच्या बाटलीत पंचवीस कप होतात. रोज कॉफी पिणाऱ्या घरात ही बाटली महिनाभरात संपते. आठवड्याला एखादा कप होणाऱ्या घरात मात्र परीक्षेच्या वेळी आणलेली बाटली अर्धीमुर्धी उरून पावसाळा गाठते, आणि श्रावणात कोणी ती उघडली तर चमचा आत जातच नाही. आत एकसंध काळी ढेप बसलेली असते.

बहुतेक घरांत ही बाटली सरळ कचऱ्यात जाते. ते थांबावं यासाठी हा लेख. एक किलो इन्स्टंट कॉफी बनवायला साधारण अडीच किलो कच्च्या कॉफीच्या बिया लागतात. म्हणजे बाटलीत पंचवीस ग्रॅमची ढेप राहिली असेल तर ती साठ-पासष्ट ग्रॅम बियांची आहे, आणि बहुतेक वेळा ती खराब झालेली नसते. तिचं फक्त रूप बदललेलं असतं.

हे रूप का बदलतं ते कळायला स्वयंपाकघरातले तीन डबे शेजारी ठेवून पाहावेत: मीठ, साखर आणि कॉफी. तिन्ही पाण्यात विरघळतात, पण दमट हवेत तिघांची वागणूक वेगळी असते. हवा त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात प्रत्यक्ष आहे, याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. शुद्ध मिठाचा दाणा ही आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेल्याशिवाय पाणी ओढत नाही. साखरेचा उंबरठा आणखी वर, ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून मेमध्ये, जेव्हा तापीकाठची हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा दोन्ही डबे मोकळे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मीठ ओलं होतं आणि साखर बहुधा तग धरते. पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा-तापी परिसर साखर कारखान्यातून निघणारा दाणा पोत्यात मोकळा राहतो तो याच गुणामुळे. तो स्फटिक आहे. त्यातले रेणू ओळीने, घट्ट बसलेले असतात आणि पाण्याला सहज आत शिरू देत नाहीत. त्याच उसाचा गूळ मात्र पावसाळ्यात पाझरतो, कारण त्यात मळी असते आणि साखरेचे फुटून झालेले ग्लुकोज-फ्रुक्टोज असतात. ते पाण्याचे फार लोभी.

इन्स्टंट कॉफी गुळाच्याही पलीकडची आहे. तिच्यात स्फटिक जवळजवळ नसतातच. कारखान्यात भाजलेल्या, दळलेल्या कॉफीतून दाबाखालच्या गरम पाण्याने अर्क काढतात, तो आटवून दाट करतात आणि उंच मनोऱ्याच्या टोकाहून गरम हवेत बारीक तुषारांनी फवारतात. थेंब खाली पोचेपर्यंत त्यातलं पाणी उडून जातं. हे इतकं झटपट घडतं की रेणूंना ओळीने बसायला वेळच मिळत नाही. ते जिथे असतील तिथेच गोठतात. शास्त्रज्ञ अशा घन पदार्थाला काच म्हणतात, मग तो खिडकीचा असो वा कॉफीचा. लिमलेटची गोळीही अशीच काच आहे. उन्हाळ्यात ती खडखडीत असते, दाताखाली कडकन फुटते, आणि पावसात खिशात राहिली की कागदाला चिकटून बसते. कॉफीच्या कणाचं नेमकं हेच होतं.

अशा प्रत्येक काचेला एक ठरावीक तापमान असतं. त्याच्या खाली ती कडक आणि ठिसूळ, वर गेली की मऊ आणि चिकट. पूर्ण कोरड्या कॉफीसाठी हे तापमान आपल्या उन्हाळ्याच्याही बरंच वर असतं, म्हणून नवी बाटली हलवली की पूड खळखळते. पण पाणी शिरलं की ते झपाट्याने उतरतं. ढोबळमानाने दर टक्का ओलाव्यामागे पाच ते दहा अंश. कारखान्यातून निघताना कॉफीत तीन-चार टक्के पाणी असतंच. ते सहा-सात टक्क्यांवर गेलं की मऊ होण्याचं तापमान घरातल्या तापमानाच्याही खाली येतं. कण चिकट होतात, शेजारच्या कणाला टेकतात, दोघांमध्ये पूल तयार होतो, आणि हळूहळू सगळी पूड एकजीव होऊन खाली बसते. हवेची आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या पुढे गेली की उघडी कॉफी या वाटेला लागते. मिठाचा पंचाहत्तर टक्क्यांचा उंबरठा आठवला, म्हणजे तिची नाजूक तब्येत लक्षात येईल.

यातच खानदेशी उन्हाळ्याबद्दलचा एक गैरसमज दडलेला आहे. कोरडी हवा म्हणजे कॉफी सुखरूप, असं वाटतं. पण गेल्या पावसाळ्यात थोडी ओल धरलेली बाटली दिवाळीपासून मोकळीच दिसत असते, कारण थंडीत तिचं तापमान त्या रेषेच्या खाली असतं. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या फडताळात बेचाळीस अंश झाले, की तीच कॉफी नवं पाणी न घेताही मऊ पडते आणि जमते. ओल आणि उष्मा या दोन्हींचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

यात चिकोरीचाही हात आहे. आपल्याकडची बरीचशी स्वस्त इन्स्टंट कॉफी ही कॉफी आणि चिकोरी यांचं मिश्रण असते. किती टक्के काय, ते पाकिटावर छापावंच लागतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्याची शेती आपल्या शेजारच्या गुजरातेतही होते. तिच्यात इन्युलिन नावाचं कर्बोदक भरपूर असतं, भाजताना त्याचा काही भाग फुटून फ्रुक्टोज तयार होतो, आणि फ्रुक्टोज पाणी ओढण्यात सगळ्यांच्या पुढे. म्हणून एकाच फडताळात शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्यांपैकी चिकोरीवाली आधी जमते.

कॉफीची पूड करण्याची खटपट शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिल गावातल्या डेव्हिड स्ट्रँग यांनी १८९० मध्ये विरघळणाऱ्या कॉफीचं पेटंट घेतलं. शिकागोत काम करणारे जपानी रसायनतज्ज्ञ सातोरी काटो यांनी १९०१ च्या बफेलो प्रदर्शनात आपली पूड लोकांना पाजली. पुढे ब्राझीलमध्ये कॉफीचं अफाट पीक पडून राहिलं, तेव्हा ती टिकाऊ रूपात साठवण्याचा मार्ग शोधायला तिथल्या लोकांनी नेस्ले कंपनीला सांगितलं. मॅक्स मॉर्गेनथालर यांच्या वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनंतर १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आली. त्या पहिल्या पुडीत कॉफीच्या अर्काच्या जोडीला कर्बोदकंही मिसळलेली होती. नुसत्या अर्काची सुटी, टिकाऊ पूड करणं तेव्हा फार अवघड होतं. म्हणजे आज आपल्या फडताळात येणारी अडचण ही या धंद्याची जन्मापासूनची अडचण आहे.

आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. बाजारात जाड दाण्यांची कॉफी मिळते, ती पुष्कळदा मुद्दाम जमवलेली असते. फवारून केलेली पूड फार बारीक असते, ती पाण्यावर तरंगते आणि गुठळ्या होतात. म्हणून कारखान्यात तिच्यावर वाफ सोडून कण थोडे चिकट करतात, ते एकमेकांना धरून जाड दाणा होतो, आणि लगेच गरम हवेने तो कोरडा करतात. आपल्या ओट्यावर नकळत जे घडतं तेच तिथे ठरवून, मोजून आणि वेळेवर थांबवून केलं जातं. (ओबडधोबड, टोकदार, फिकट दाण्यांची महाग कॉफी वेगळी; तिचा अर्क आधी गोठवतात आणि मग निर्वातात त्यातला बर्फ सरळ वाफ करून काढतात.)

आता मुख्य प्रश्न: एवढं पाणी बाटलीत येतं कुठून? सगळे बोट दाखवतात पावसाळी हवेकडे. हिशेब करून पाहू. तीस अंशाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण तीस ग्रॅम वाफ असते. आर्द्रता ८० टक्के असेल तर चोवीस. बाटलीतली मोकळी जागा २०० मिलिलिटर धरली, तर झाकण उघडून आतली सगळी हवा बदलली तरी आत आलेलं पाणी जेमतेम पाच मिलिग्रॅम. पंचवीस ग्रॅम कॉफीचा ओलावा चारवरून सात टक्क्यांवर न्यायला पाऊण ग्रॅम पाणी लागतं. म्हणजे नुसतं झाकण उघडून ती जमवायची तर दीडशे वेळा उघडावं लागेल, तेही दर वेळी सगळी हवा बदलून. पंचवीस ग्रॅममध्ये कप तर होतात बाराच.

उलट पाण्याचा एक थेंब साधारण पन्नास मिलिग्रॅमचा असतो. नुकताच धुऊन वरवर झटकलेला चमचा आत गेला तर त्याच्यासोबत असे दोन-तीन थेंब सहज जातात. एकच थेंब दहा वेळा झाकण उघडण्याइतका, आणि तोही एकाच जागी. उकळत्या दुधाच्या पातेल्यावर बाटली धरून कॉफी टाकायची सवय तर सर्रास दिसते. वर येणारी वाफ थंड काचेच्या तोंडावर आणि पुडीवर दव होऊन बसते. तिसरा गुन्हेगार सैल झाकण. घाईत अर्धवट फिरवलेल्या झाकणातून ओल रात्रंदिवस झिरपत राहते, आणि दोन महिन्यांत पाऊण ग्रॅम तिच्यासाठी काहीच नाही. पावसाळी हवा या तिघांच्या मदतीने आत येते. एकटी ती फारसं काही करू शकत नाही.

कोणता दोष आपल्या घरातला, ते ढेपच सांगते, म्हणून ती फोडण्याआधी उजेडात नीट पाहावी. पुडीत मधेमधे हरभऱ्याएवढे काळे, चकचकीत खडे आणि बाकी मोकळी पूड असेल तर ओला चमचा. वर बोटभर जाडीचं कडक पापुद्र्यासारखं झाकण आणि खाली पूड ठीक असेल तर सैल झाकण, किंवा कागदी-पत्र्याचं आतलं सील अर्धवट फाडून तसंच ठेवलेलं. तोंडाजवळ काचेला चिकटलेली तपकिरी कडा असेल तर वाफ. आणि सगळी कॉफी आकसून, काचेपासून सुटून, मधोमध एकच गोळा उभा असेल, तर ओल सगळीकडे पोचून मुरली आहे.

मग वास घ्यावा. कॉफीचाच, जरा मंद वास येत असेल तर ढेप वापरायला हरकत नाही. कडक झालेल्या कॉफीत पाणी इतकं कमी असतं की बुरशी किंवा जिवाणू त्यात वाढू शकत नाहीत. पण पृष्ठभागावर पांढरा, राखाडी वा हिरवट लव दिसत असेल, कुबट वास येत असेल, किंवा ढेप कडक नसून काकवीसारखी पातळ झाली असेल, तर काही वाचवायला जाऊ नये. बुरशीची काही विषं उकळूनही जात नाहीत, म्हणून वरचा भाग खरवडून खालचा वापरण्याचा विचारही करू नये. दूध पावडर आणि साखर आधीच मिसळलेली तयार कॉफी जमली तर तीही टाकावी. तिच्यातल्या दुधाच्या स्निग्धांशाला खवट वास लागतो आणि तो कशानेही लपत नाही.

चांगल्या ढेपेवरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तिची पुन्हा पूड करायच्या नादी न लागता तिचा अर्क करणं. शेवटी ती पाण्यात विरघळण्यासाठीच बनलेली आहे. पंचवीस ग्रॅम ढेपेला सगळं मिळून २५० मिलिलिटर होईल एवढं पाणी घ्यावं. काचेच्या गार बाटलीत उकळतं पाणी एकदम ओतलं तर ती तडकते. आधी कोमट पाणी घालून बाटली हलवावी, सुटलेला भाग पातेल्यात काढावा, मग जास्त गरम पाणी. तळाशी चिकटलेला थरही पाच-दहा मिनिटांत सुटतो. या अर्काच्या वीस मिलिलिटरमध्ये, म्हणजे चहाच्या चार चमच्यांत, एका कपाची दोन ग्रॅम कॉफी आली. झाकणाच्या स्वच्छ बाटलीत तो फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चांगला राहतो. जास्त दिवस हवा असेल तर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवावा. साच्याचा एक खण बहुधा पंधरा-वीस मिलिलिटरचा असतो, म्हणजे एक खडा एक कप. थंड दुधात असे दोन खडे घातले की थंड कॉफी होते आणि बर्फाने पाणचटही होत नाही. गरम कॉफीसाठी दूध उकळून गॅस बंद केल्यावर अर्क घालावा. जुन्या कॉफीत आंबटपणा थोडा वाढलेला असतो, आणि सकाळचं दूध संध्याकाळी तिच्यासोबत उकळलं तर फाटू शकतं.

पूडच हवी असेल, तर ढेपेच्या काचपणाचाच उपयोग करून घ्यावा. चिकट झालेली कॉफी सुरीने टोकरली तर सुरीलाच चिकटते, आणि मिक्सरमध्ये फिरवली तर पात्यांच्या उष्णतेने आणखी मऊ होते. म्हणून आधी बाटली घट्ट बंद करून तासभर फ्रीजरमध्ये ठेवावी. तापमान त्या रेषेच्या खाली गेलं की ढेप पुन्हा ठिसूळ होते. मग चटकन जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत काढून, पिशवीचं तोंड बांधून, लाटण्याने किंवा खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकावी. पिशवी घरातल्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर गार कॉफीवर लगेच दव धरतं. अशी पूड मोकळी दिसली तरी तिच्यातलं पाणी गेलेलं नसतं, ती आठ-पंधरा दिवसांत पुन्हा जमते. तेवढ्यात वापरून टाकावी.

आपल्या भागात दुसरा विचार लगेच सुचतो तो उन्हाचा. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची पसरलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ओल काढायची म्हणजे ऊन दाखवायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. कॉफीला मात्र ऊन मानवत नाही. उन्हात ती आधी मऊ होऊन ताटाला चिकटते, तिचा उरलासुरला वास उडतो, आणि पाणी गेल्यावर कण सुटे होण्याऐवजी त्यांच्यातले पूल अधिक कडक होतात. ओव्हन किंवा तव्याचंही तेच.

तांदळाची पुरचुंडी हा उपाय तर उलटाच आहे. मिठात तांदूळ घालतात ते ठीक. मिठाला ओल धरायला पंचाहत्तर टक्के आर्द्रता लागते आणि तांदळाचे दाणे हलवताना खडेही फोडतात. पण घरातल्या साध्या तांदळात स्वतःचंच बारा-तेरा टक्के पाणी असतं. कॉफी त्याच्यापेक्षा खूप कोरडी आणि पाण्याची जास्त लोभी. दोघांना एका बंद बाटलीत ठेवलं तर पाणी तांदळाकडून कॉफीकडे जाईल. काही घालायचंच असेल तर खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची नवी पुडी घालावी. औषधाच्या बाटलीतून काढलेली जुनी पुडी आधीच भरलेली असते, आणि ओल धरल्यावर रंग बदलणारे निळे दाणे अन्नाजवळ नेऊ नयेत. त्यांच्यात कोबाल्टचं संयुग असतं.

साठवण्याची खबरदारी फार नाही, पण ती रोज पाळावी लागते. चमचा कोरडा, आणि कॉफी आधी कपात काढून मग कप पातेल्याजवळ न्यायचा. बाटलीची जागा गॅसच्या वर किंवा शेजारी नको. ओट्यापासून दूर, खालच्या, सावलीच्या फडताळात. आतलं सील पूर्ण काढून टाकायचं, म्हणजे झाकण काचेवर नीट बसतं. पाकीट असेल तर ते डब्यात ओतू नये. स्टीलच्या डब्याचं झाकण नुसतं वरून बसतं, त्यातून हवा खेळते. पाकिटाचं तोंड घट्ट गुंडाळून, चिमटा लावून, अख्खं पाकीटच रबराच्या कड्याच्या बरणीत ठेवावं. रोजची बाटली फ्रीजमध्ये ठेवू नये. ऑगस्टच्या हवेत फ्रीजमधून निघालेल्या काचेवर मिनिटभरात पाणी धरतं, आणि झाकण उघडलं की तेच पाणी कॉफीवर.

आणि जिथे आठवड्याला एखादाच कप होतो, त्या घरासाठी मोठी बाटली हा घाट्याचाच सौदा आहे. मोठ्या बाटलीत ग्रॅममागे पैसे कमी पडतात हे खरं, पण अर्धी टाकून दिली तर हिशेब उलटतो. किराणा दुकानात लटकणाऱ्या एकेका कपाच्या पुड्यांच्या माळेत दर कपाला स्वतंत्र, हवाबंद आवरण मिळतं. माळ घेताना, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, एखादी पुडी दोन बोटांत दाबून पाहावी. आत पूड सरकली पाहिजे. खडा लागला तर ती माळ दुकानातच ओल धरून बसली आहे. दुकानदाराला तसं सांगून मागच्या बाजूची, अलीकडची तारीख असलेली माळ मागून घ्यावी.